कुत्र्याच्या पाठीवरची ट्रेकिंग पिशवी: पावसाळ्यापासून उन्हाच्या तोंडापर्यंतचा अनुभव

एकट्याने गड चढणाऱ्याच्या सोबतीला कुत्रा असेल, तर त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा खरा उपयोग सामान वाहण्यापेक्षा प्रसंगी त्याला धरण्यासाठी होतो, असे माझे मत पावसाळ्यापासून होळीपर्यंतच्या वापरानंतर पक्के झाले आहे. ऑनलाइन मागवलेल्या या हार्नेसला, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर पट्ट्यांनी बांधायच्या साजाला, दोन्ही कुशींवर चेनचे कप्पे, छातीवर व पोटाखाली पट्टे आणि पाठीवर जाड शिवणीची मूठ आहे. आमचा खंड्या गावठी असून त्याचे वजन सुमारे 22 किलो आहे.

विक्रेत्याने जाहिरात कप्प्यांची केली असली, तरी पैसे मुठीनेच वसूल करून दिले. सोयगाव तालुक्यातील वेताळवाडी किल्ल्याच्या ढासळलेल्या तटाजवळ किंवा सुतोंडा किल्ल्याच्या घसाऱ्याच्या वाटेवर माणूस हाताचा आधार घेऊन उतरतो, तेथे कुत्रा बिचकून बसतो. गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढावे तर त्याचा श्वास कोंडतो. मूठ धरली की भार छाती आणि पोटावर वाटला जातो व त्याला अलगद खालच्या टप्प्यावर घेता येते. मदतीला दुसरा कोणी नसताना एका हाताने हे जमणे फार मोलाचे आहे. पायथ्याच्या माळावर धनगरांच्या मेंढरांची राखण करणारी कुत्री अंगावर आली, तेव्हाही खंड्याला याच मुठीने जवळ धरून ठेवता आले. त्या कुत्र्यांचा काय दोष, ती आपले कामच करतात.

कप्प्यांत कुत्र्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच भार घालावा असे मी ठरवले आहे, म्हणजे पिशवीसकट दोन किलोच्या आसपास. एरवीही कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागते, चढाईत त्याहून जास्त. त्यामुळे त्याचे सगळे पाणी त्याच्याच पाठीवर देण्याचा हिशेब बसत नाही. मी दोन्ही बाजूंना अर्ध्या लिटरची एकेक बाटली ठेवतो, बाकीचे माझ्या सॅकमध्ये. पाणी पाजताना दोन्ही बाटल्यांतून सारखेच काढावे लागते, अन्यथा पिशवी एका कुशीकडे कलते आणि पट्टा काखेत घासू लागतो. गडावरच्या टाक्यांतले साचलेले पाणी मी त्याला पिऊ देत नाही. उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस दिलेली असली तरीही.

कापडाबाबत माझी तक्रार आहे. पावसाळा सरल्यावर सातमाळा डोंगररांगेच्या उतारांवर कुसळी गवत पिकते आणि त्याची कुसळे पिशवीच्या जाळीदार अस्तरात अशी रुततात की चिमट्याने एकेक उपटावी लागतात. ती राहून गेली तर कातडीत शिरतात, म्हणून मुक्कामावर पिशवी काढून अस्तर, पंजांच्या बेचक्या, कान आणि गोचिडांसाठी काखा तपासणे हा रोजचा पाठ झाला आहे. सराट्यांनी मात्र बाहेरच्या कापडाचे काही बिघडले नाही. पोटाखालचे प्लास्टिकचे बक्कल हिवाळ्यात तडकले. गावातल्या खोगीर-पिशव्या शिवणाऱ्या कारागिराने लोखंडी कडी बसवून दिली, ती मूळच्यापेक्षा टिकाऊ निघाली.

उन्हाच्या बाबतीत ही पिशवी मराठवाड्यासाठी बनलेलीच नाही. कुत्रा शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो, त्यात पाठीवर गडद रंगाचे जाड अस्तर म्हणजे घोंगडी पांघरल्यासारखेच. काळा बेसाल्ट सकाळी दहालाच तापतो. तळहाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर मी पुढे जात नाही. त्यामुळे होळीनंतर पिशवी माळ्यावर जाते आणि आमचे फिरणे पहाटेच्या माळरानापुरते उरते.

घेण्यापूर्वी पुढच्या पायांमागे छातीचा घेर मोजावा व पट्ट्याखाली दोन बोटे जातील एवढीच ढील ठेवावी. हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लावर भार घालू नये. गौताळा औट्रमघाट किंवा येडशी रामलिंग घाट अभयारण्याच्या बेतासाठी ही पिशवी घ्यायची असेल, तर घेऊ नका. वन्यजीवांना कुत्र्यांचे रोग लागतात, बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते आणि अशा जंगलात पाळीव कुत्र्याचे काम नाही. उघड्या गडांसाठी मात्र, मूठ भक्कम असेल तर, कप्पे नसलेला साधा हार्नेससुद्धा निम्म्याहून अधिक काम भागवील.