फक्त ऐकणारा पीसी: मिरर पोर्ट, टॅप की कापलेली केबल?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेलचा कारखाना धरा. ऑफिसात राउटर, एक स्विच, बिलिंगचे पीसी, शेडमध्ये कॅमेरे. लूम बंद असताना रात्री इंटरनेटवर कोण बोलतंय, हे मालकांना बघायचंय. त्यासाठी सुरिकाटा (नेटवर्कवरची वाहतूक तपासून संशयास्पद काही दिसलं तर सांगणारं सॉफ्टवेअर) टाकलेला एक पीसी लावायचा, पण त्याने नुसतं ऐकायचं. लाइनवर एक पॅकेटही सोडायचं नाही.

पाठवणारी तारांची जोडी कापलेली केबल हा फुकटातला जुगाड. १०० एमबीपीएसला पीसी १ आणि २ नंबरच्या पिनांवरून पाठवतो, ३ आणि ६ वरून घेतो. म्हणून १-२ कापली की झालं, असं वाटतं. पण पीसीकडून लिंकचा सिग्नलच आला नाही की स्विच तो पोर्ट बंद धरतो, मग ऐकणार काय? गिगाबिटला तर चारही जोड्या दोन्ही दिशांनी चालतात, तिथे कापायला जागाच नाही. हौस म्हणून करून बघा, कारखान्यात नको.

खरी निवड उरलेल्या दोघांत: मिरर पोर्ट आणि टॅप. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आधीच असेल तर मिरर पोर्ट, म्हणजे दुसऱ्या पोर्टांवरच्या वाहतुकीची नक्कल देणारा पोर्ट, ही नुसती सेटिंग. लाइन तोडावी लागत नाही, शिवाय कॅमेऱ्यांची आतल्या आतली वाहतूकही दिसते. मात्र गिगाबिट पोर्टची दोन्ही दिशांची वाहतूक मिळून २ जीबीपीएसपर्यंत जाऊ शकते. नक्कल १ जीबीपीएसच्या पोर्टातून निघते, जादाचं गुपचूप गळतं. खराब झालेली फ्रेम (लाइनवरचं पॅकेट) तर स्विच आधीच टाकून देतो. आणि ‘फक्त ऐकणं’ इथे सेटिंगच्या भरवशावर असतं: काही स्विच मिरर पोर्टवरून आत येणारी पॅकेटंही घेतात. ते बंद आहे का, बघून घ्या.

टॅप म्हणजे लाइनच्या मध्ये बसवून तिची नक्कल काढणारी छोटी डबी. थ्रोइंग स्टारसारख्या पॅसिव्ह (बिनविजेच्या) टॅपमध्ये ऐकायचे पोर्ट फक्त घेणाऱ्या पिनांनाच जोडलेले असतात. पीसीत व्हायरस शिरला तरी त्या वाटेने तो बोलू शकत नाही. मला हा भरवसा सेटिंगपेक्षा मोठा वाटतो. टॅपला वीज लागत नाही, पंखा नाही, त्यामुळे सोलापूरचा उन्हाळा आणि सुताची धूळ दोन्ही सोसतो. किंमत वेगातून वसूल होते: आतले कपॅसिटर गिगाबिट मुद्दाम अडवतात आणि लाइन १०० वर येते. जाणारी आणि येणारी वाहतूक वेगवेगळ्या पोर्टांवर निघते, म्हणजे पीसीला दोन नेटवर्क कार्डं हवीत. टॅप राउटर आणि स्विचच्या मध्येच बसवा. राउटरच्या बाहेर लावलात तर सगळे पीसी एकाच पत्त्याआड लपतात.

म्हणून इंटरनेट प्लॅन १०० किंवा कमी असेल तर मी टॅप घेईन, २०० चा असेल तर मिरर. गिगाबिटचे वीज लागणारे टॅप मिळतात, पण छोट्या ऑफिसला तो खर्च झेपत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या मोठ्या युनिटमध्ये फायबर असेल तर ऑप्टिकल स्प्लिटर (फायबरमधला उजेड दोन वाटांनी विभागणारा) बघा. ५०:५० चा असेल तर सुमारे ३ डीबी, म्हणजे अर्धा, उजेड जातो, तेवढी सवड लाइनमध्ये हवी.

काहीही घेतलंत तरी ऐकणाऱ्या कार्डाला आयपी देऊ नका, आयपीव्ही६ बंद ठेवा, एलआरओ-जीआरओ (आलेली पॅकेटं एकत्र जोडणाऱ्या कार्डाच्या सेटिंग) हेही बंद करा. पीसीवर लॉगिन करायला कार्ड वेगळं ठेवा.