फिलिपीन कप की गव्हर्नर्स कप?

मनिलात नव्याने आलेली आपली मंडळी, त्यातही एनबीए बघत वाढलेली, हमखास विचारतात: पीबीएचा, म्हणजे फिलिपिन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, अख्खा हंगाम बघून होणार नाही, मग वेळ द्यायचा तो कुठल्या कॉन्फरन्सला? (इथे कॉन्फरन्स म्हणजे हंगामातल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांपैकी एक.) कमिशनर्स कप मी वेगळा धरत नाही. तिथेही इम्पोर्ट, म्हणजे बाहेरून आणलेला परदेशी खेळाडू, असतोच, फक्त जास्त उंच चालतो. म्हणजे निवड उरते ती दोघांतच: इम्पोर्टवाला गव्हर्नर्स कप, की निव्वळ स्थानिक खेळाडूंचा फिलिपीन कप.

नुसता जल्लोष हवा असेल तर इम्पोर्टच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. 2016च्या गव्हर्नर्स कपात हिनेब्रा संघाचा इम्पोर्ट जस्टिन ब्राउनली याने अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी तीन गुणांचा शॉट मारला आणि हिनेब्राचा विजेतेपदांचा आठ वर्षांचा दुष्काळ संपवला. त्याला 2023 मध्ये इथलं नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी हांगझोऊला फिलिपिन्सने 1962 नंतर प्रथमच एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेही त्याच्याच जोरावर. गर्दीचा विक्रमही इम्पोर्टवाल्या कॉन्फरन्सचाच: जानेवारी 2023, कमिशनर्स कपचा सातवा सामना, हिनेब्रासमोर हाँगकाँगचा पाहुणा संघ बे एरिया ड्रॅगन्स आणि फिलिपीन अरीनात 54,589 माणसं. असं वातावरण फिलिपीन कपात मी तरी पाहिलेलं नाही.

पण ब्राउनली हा अपवाद आहे, आणि माझ्यापुरतं घोडं तिथेच पेंड खातं. एरवी इम्पोर्ट म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. दोन-तीन सामने हरले की हातात परतीचं तिकीट. मागे एका संघाचा इम्पोर्ट मला फार आवडायला लागला होता: बास्केटकडे पाठ करून खेळायची त्याची पद्धत, पास चुकला की स्वतःवरच हसणं. मित्रांना मुद्दाम पुढच्या रांगेची तिकिटं काढून घेऊन गेलो, तर मैदानात भलताच गडी. नुकताच विमानातून उतरलेला, सहकाऱ्यांना नावाने हाकही न मारता येणारा. पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण कोण कुणाला कुठे पास देतो, कुणासाठी स्क्रीन लावली जाते (म्हणजे आडवं उभं राहून बचावपटूची वाट अडवली जाते), हे आधीच्या सामन्यांत डोक्यात बसवलेलं सगळं निकालात निघालं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या पुढच्या रांगेतून आणखी एक दिसलं, जे टीव्हीवर सहसा दिसत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये स्थानिक गार्ड चेंडू मध्यरेषेपलीकडे आणतो, इम्पोर्टच्या हातात देतो आणि कोपऱ्यात जाऊन बुटांचे तळवे हाताने पुसत उभा राहतो. चेंडू परत आला तर आला. सगळेच संघ असं खेळतात असं नाही. प्रशिक्षक टिम कोनच्या हिनेब्रात ब्राउनली स्वतःच इतरांना खेळवतो. तरी बाकी ठिकाणी शेवटची दोन मिनिटं मला साधारण एकसारखीच वाटतात.

आता मेराल्को संघाचं बघा. गव्हर्नर्स कपाच्या चार अंतिम फेऱ्यांत हिनेब्राकडून हार, चारही वेळा समोर ब्राउनली. त्यांचं पहिलं विजेतेपद आलं ते 2024च्या फिलिपीन कपात. 16 जूनला अरानेटा स्टेडियममध्ये सान मिगेल संघाविरुद्ध अंतिम फेरीचा सहावा सामना. सान मिगेलच्या अवाढव्य हुन मार फाहार्दोने चक्क तीन गुणांचा शॉट टाकून 78-78 केलं आणि लगेच, 1.3 सेकंद उरलेली असताना, ख्रिस न्यूसमने वळून उडी मारत चेंडू आत घातला. न्यूसम 2015 पासून मेराल्कोतच होता. बहुतेक पराभव त्याने अंगावर घेतले होते, आणि स्टँडमधल्या माणसांनीही. असा हिशोब मिटायला माणूस वर्षानुवर्षं त्याच जर्सीत दिसावा लागतो.

फिलिपीन कपाची खोड म्हणाल तर सान मिगेल. 2015 ते 2019 सलग पाच वेळा तेच जिंकले. फाहार्दोला रोखणारा स्थानिक माणूस मिळत नाही, हे उघड गुपित आहे. ज्याला निकालाची अनिश्चितता हवी, त्याला हे खटकेल, आणि खटकायलाही हवं. तरीही 2016 मध्ये हाच संघ अंतिम फेरीत अलास्का संघाविरुद्ध 0-3ने मागे पडला होता, तोही फाहार्दो जखमी असताना. तो पाचव्या सामन्यात परतला आणि सान मिगेलने सलग चार जिंकून कप नेला. उलट टीएनटी संघाने 2024-25च्या हंगामात इम्पोर्ट रोन्डे हॉलिस-जेफरसनला घेऊन दोन्ही इम्पोर्टवाले कप मारले, आणि फिलिपीन कपात सान मिगेलने त्यांना सहा सामन्यांत गुंडाळलं. तिन्ही एकाच हंगामात जिंकणं 2014 नंतर कुणालाच जमलेलं नाही.

तुमच्या घरी लहान मुलं असतील, डंक आणि आरडाओरडाच हवा असेल, तर गव्हर्नर्स कपला खुशाल जा, पैसे वसूल होतील. नाहीतर फिलिपीन कप धरा आणि साखळी सामने बिनधास्त सोडा, उपांत्य फेरीपासून बसा. वरच्या मजल्यावरची स्वस्त जागाही चालते, उलट खेळाची मांडणी तिथूनच नीट दिसते. हिनेब्रा खेळणार असेल तर मात्र तिकीट आधी काढा आणि अरानेटा जिथे आहे त्या कुबाओला एमआरटी मेट्रोनेच पोहोचा. संध्याकाळी एदसा हमरस्त्यावर टॅक्सीत बसलात तर पहिला क्वार्टर रेडिओवर ऐकावा लागेल.