फायबरच्या टाकीला मॅट की विणलेलं कापड?

जळगाव-धुळ्याकडे फायबरची टाकी किंवा कूलरची बॉडी बनवताना काचेच्या कापडाचे दोन प्रकार समोर येतात. मॅटमध्ये काचेच्या धाग्यांचे साधारण ५० मिमीचे तुकडे सगळ्या दिशांना पसरून बाइंडरने, म्हणजे चिकटवणाऱ्या पदार्थाने, धरलेले असतात. कापड ज्यात भिजवतात त्या, नंतर घट्ट होणाऱ्या पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक तो बाइंडर विरघळवतं, म्हणून मॅट कोपऱ्यात, गोलाईत छान बसते. पण रेझिन फार पिते, काचेच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट. वोव्हन रोव्हिंगला, म्हणजे जाड धाग्यांच्या विणलेल्या कापडाला, जवळपास वजनाइतकंच पुरतं, आणि ताकदही जास्त. मात्र ती उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेतच. तिरक्या ओढीला ते कमी पडतं.

नुसतं रोव्हिंग थरावर थर रचू नका. विणीतल्या खोलगट जागांत फक्त रेझिन साचतं आणि थर सुटू शकतात. मधे मॅट हवीच. जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थराच्या, मागेही आधी मॅट, नाहीतर वीण बाहेर उमटते.

कूलरला मॅट पुरे. मोठ्या टाकीला किंवा तापीतल्या होडीला मात्र रोव्हिंग हवंच, असं माझं ठाम मत. आणि मे महिन्यातल्या खान्देशी उन्हात काम सकाळी लवकर, सावलीत करा; दुपारी कापड नीट भिजण्याआधीच रेझिन घट्ट होतं.