नाळेतलं रक्त: बँकेत ठेवावं की बाळालाच द्यावं?

सातवा महिना लागला की डॉक्टरीणबाईंच्या वेटिंग रूममध्ये कॉर्ड ब्लड बँकेचं, म्हणजे बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून साठवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक हातात पडतंच. माझ्या धाकट्या बहिणीच्या हातात ते गेल्या आठवड्यात पडलं. तिचा लगेच फोन आला, "दादा, तुम्ही मोठीच्या वेळी ठेवलंत आणि धाकट्याच्या वेळी नाही. आम्ही काय करायचं?" तिला जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

उणे 196 अंशांची टाकी, प्रमाणपत्रं, हप्त्यांची सोय यांवर फार वेळ घालवू नका. त्यात बँकाबँकांत मला तरी फारसा फरक जाणवला नाही. खरा प्रश्न आहे तो ठेवायचं की नाही, हा.

या रक्तातल्या मूलपेशींचा (स्टेम सेल्स, ज्यांपासून नव्या रक्तपेशी तयार होतात) उपयोग खरा आहे, याबद्दल शंका नको. 1988 साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांच्या पथकाने फँकोनी अ‍ॅनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलावर नाळेतल्या रक्ताने पहिलं प्रत्यारोपण केलं आणि ते यशस्वी झालं. पण ते रक्त त्या मुलाचं नव्हतं, त्याच्या नवजात बहिणीचं होतं. आम्हाला दाखवलेल्या आजारांच्या लांबलचक यादीत हा फरक कुठेच नव्हता. थॅलेसेमियासारख्या आजारात बाळाच्या स्वतःच्या पेशींतही तोच जनुकीय दोष असतो, त्यामुळे त्या परत देऊन आजार जात नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनाही स्वतःच्या भावी वापरासाठी असं रक्त साठवण्याची शिफारस करत नाहीत.

हे सगळं कळूनही मी कदाचित दुसऱ्यांदा पैसे भरले असते. आईबापाच्या मनातली "न जाणो" ही भीती खोटी नसते. माझं मन फिरलं ते एका आकड्यामुळे.

मोठीच्या वेळी बँकेकडून छान छापलेलं प्रमाणपत्र आलं. त्यावर लिहिलं होतं, "नमुना यशस्वीरीत्या जतन केला आहे." पिशवीत पेशी किती, ते कुठेही नव्हतं. मी विचारत राहिलो. दर वेळी नवा माणूस फोनवर यायचा आणि प्रमाणपत्रातलंच वाक्य वाचून दाखवायचा. चार महिन्यांनी ईमेलवर आकडा आला: 30 कोटी. पुढे तो घेऊन मी ओळखीच्या एका रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागेच भागाकार केला. प्रत्यारोपणाला वजनाच्या दर किलोमागे साधारण अडीच कोटी पेशी तरी लागतात. म्हणजे ही पिशवी बारा किलोच्या मुलाला पुरेल. मोठी तेव्हा दीड वर्षाची होती, वजन दहा किलो. आज ती सतरा किलोची आहे. जन्मभराची सोय म्हणून ठेवलेलं रक्त तिला चौथ्या वाढदिवसाआधीच अपुरं पडलं. सगळ्याच पिशव्या इतक्या लहान नसतात, हेही सांगायला हवं. पण तुमची केवढी भरेल, ते पैसे भरताना कुणालाच सांगता येत नाही.

धाकट्याच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी नाळ लगेच कापली नाही. बाळ आईच्या पोटावर होतं. निळसर, दोरखंडासारखी पिळदार नाळ त्यांनी मला बोट लावून बघायला सांगितली. ती ठोके देत होती. दोनेक मिनिटांत ठोके मंदावले, नाळ पांढुरकी आणि ढिली पडली, मग त्यांनी चिमटा लावला. जागतिक आरोग्य संघटनाही किमान एक मिनिट थांबायला सांगते, कारण त्या रक्तातून बाळाला पुढच्या काही महिन्यांसाठी लोह मिळतं. जितकं थांबाल तितकं बँकेच्या पिशवीत कमी उतरतं, हे ओघाने आलंच. माझ्या मते त्या रक्ताचा पहिला हक्कदार बाळच आहे.

कम्युनिटी बँकिंगचा मधला मार्गही आहे. तिथे इतर सभासदांच्या पिशव्यांतून आपल्या ऊतींच्या प्रकाराशी जुळणारी मिळू शकते. निव्वळ खासगी साठवणुकीपेक्षा मला तो बरा वाटतो. पण पिशवी लहान असण्याची अडचण तिथेही राहतेच.

त्याऐवजी आम्ही दोघांनी मूलपेशीदात्यांच्या नोंदणीत नावं घातली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, झालं. कुणा रुग्णाशी जुळलंच तर चार-पाच दिवस रक्तातल्या मूलपेशी वाढवणारी इंजेक्शनं आणि मग त्या वेगळ्या काढून घेणाऱ्या यंत्राला काही तास जोडलेला हात. अजून बोलावणं आलेलं नाही. पण अशी जुळणी बहुधा आपल्याच समाजगटात सापडते. मराठी रुग्णासाठी दाता शोधायचा तर नोंदणीत मराठी माणसं हवीत, म्हणून याची मला मनापासून कळकळ आहे.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगतो. मोठ्या भावंडाला थॅलेसेमिया किंवा रक्ताचा कर्करोग असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच्या डॉक्टरांशी आजच बोला. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तिथे हे रक्त जपणं योग्यच आहे.

बहिणीच्या घरी तसं काही नाही. तरी तिच्या सासूबाईंना ठेवावंसं वाटतंय, आणि मी त्यांना मोडता घालणार नाही. फक्त सही करण्याआधी बँकेकडून लेखी घे म्हटलं: पेशींचा आकडा किती दिवसांत कळवणार, आणि तो कमी भरला तर पैसे परत देणार का.