कुटाराच्या ढिगात शोधलेला बीकन: आठ महिन्यांचा वापर

मागच्या नोव्हेंबरात हिमस्खलनात गाडलेला माणूस शोधायचा बीकन घेतला, तेव्हा गावातल्या पानठेल्यावर चार दिवस तोच विषय. यवतमाळ जिल्ह्यात बर्फ म्हणजे रसवंतीवरचा! पण फेब्रुवारीत आतेभावासोबत गुलमर्गला जायचं होतं, तेही राखलेल्या उतारांच्या बाहेर स्कीइंगला. गाईडची अट एकच: बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं.

यंत्र तीन अँटेनांचं. एरवी ते सिग्नल सोडत राहतं, शोधायच्या मोडवर टाकलं की दुसऱ्याचा सिग्नल पकडतं. सगळ्या कंपन्यांचे बीकन ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे भावाचा वेगळ्या कंपनीचा असूनही काही अडलं नाही. आपण एकट्याने घेऊन मात्र उपयोग शून्य. आपण गाडले गेलो तर शोधणार दुसराच. एका बैलाने वखर चालत नाही.

दोन महिने वावरात सराव केला. मी एक बीकन सोयाबीनच्या कुटारात पुरायचो, भाऊ धुऱ्यावरून निघायचा. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. पडद्यावरचा बाण सरळ नेत नाही, पुरलेल्या बीकनच्या चुंबकीय रेषेच्या वळणाने नेतो. "काऊन गोल गोल फिरवून रायला बे हा?" म्हणून तो वैतागायचा. शेवटच्या दोन-तीन मीटरांत यंत्र जमिनीलगत धरून सावकाश आडवं-उभं फिरवायचं, हे कळल्यावर चार मिनिटांच्या आत आलो. गाडलेल्या माणसाची आशा १५ मिनिटांनंतर भराभर घटते, वर खोदायला वेळ लागतो तो वेगळाच.

एकदा पडद्यावरचे अंतराचे आकडे वेड्यासारखे उड्या मारायला लागले. यंत्र बिघडलं म्हणून मी घाबरलो. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन चालू होतं! बंद केलं, आकडे ताळ्यावर. मोबाइलही असाच त्रास देतो. शोधताना तो हातातल्या बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब हवा.

गुलमर्गला मात्र खरं काम फावड्याने केलं. रात्रभर बर्फ आणि वारा, सकाळी लख्ख ऊन, पाय थांबेनात. बर्फाचे थर एकमेकांना किती धरून आहेत ते पाहायला गाईडने आधी खड्डा खणला, ३० सेंटिमीटर चौरस खांब मोकळा केला, वर फावडं ठेवून थापा मारल्या: मनगटातून दहा, मग कोपरातून. (खांद्यातून दहा उरल्याच.) कोपराच्या दुसऱ्या थापेला वरचा थर गुळाची ढेप कापावी तसा सपाट सरकला. समोरचा उतार ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे थर सुटायला अगदी सोयीचा. आम्ही मुकाट्याने मागे फिरलो आणि दिवसभर कमी उताराच्या, वर कडा नसलेल्या जागेवर घसरलो. खिशातल्या बीकनला यातलं काहीच कळत नव्हतं.

तक्रारी? हातमोज्यात बटण दबत नाही. बॅटऱ्या अल्कलाइनच लागतात, आणि उन्हाळ्यात काढून ठेवा हे मी वाचूनही विसरलो. मेमध्ये टिनाखालच्या कपाटात एक बॅटरी पाझरली, स्प्रिंगवर पांढरा थर चढला. चूक माझीच. बीकन आता तपासणीला गेलाय. तो ठीक होऊन येईपर्यंत तिकिटं काढू नको म्हणून भावाला सांगितलं होतं. त्यानं काढलीयत.