पालिका हॉस्पिटलची व्यसनमुक्ती ओपीडी: ४ स्टार, एक स्टार रांगेने खाल्ला

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तक्रारी पण आहेत म्हणून. आमच्या बिल्डिंगचे वॉचमनकाका, मूळ नेपाळमधल्या अछामचे, त्यांना घेऊन गेलेलो. बारा तासांची नाइट, दिवसा पंपरूममधे झोप लागेना म्हणून क्वार्टर, मग क्वार्टरशिवाय हात थरथरायला लागले, गावी पैसे जाईनात म्हणून घरच्यांचे फोन उचलणं पण बंद. सोसायटीत सगळ्यांचं एकच, बेवडा झालाय काढून टाका.

आधी एका प्रायव्हेट केंद्राला विचारलं तर ते म्हणे आम्ही फक्त दारू सोडवतो, डिप्रेशनबिप्रेशन बघत नाही, आणि एका मानसोपचार क्लिनिकवाले म्हणे आधी दारू सोडवून आणा. आता बोला!

इथे मात्र एकाच डॉक्टरांनी दारू, झोप, भूक सगळं विचारलं, मरावंसं वाटतं का हेसुद्धा सरळ विचारलं. आम्हाला वाटलेलं बाटली लपवली की झालं, तर त्या म्हणाल्या रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोनतीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून अ‍ॅडमिट केलं, थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत आणल्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. दारूने आलेली उदासी बरेचदा काही आठवड्यांत ओसरते, नाही ओसरली तर तिचं औषध वेगळं, आणि तेही इथेच. हे मला फार आवडलं.

आता वैताग. केसपेपरच्या खिडकीवर आधार मागितलं, नेपाळच्या माणसाकडे ते कुठून येणार, सोशल वर्कर मॅडम मधे पडल्या म्हणून जमलं. ओपीडी सकाळची, म्हणजे नाइट मारलेला माणूस झोप न घेताच रांगेत. आणि भाषा! काकांचं हिंदी गेट उघडण्यापुरतं चालतं, मनातलं बोलताना नेपाळीवर गेले, तर शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला दुभाषा केलं. आता तो सगळ्या गावकऱ्यांना सांगणार नाही कशावरून? खरं तर दुभाषा हॉस्पिटलचाच हवा.

मॅडमनी डे ड्युटीसाठी पत्र दिलंय, सेक्रेटरी म्हणतात मीटिंगमधे घेऊ. बघू.

जाणार असाल तर खिडकी उघडायच्या आधी पोचा, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. रात्रीबेरात्री मनाचं काही वाटलं तर सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६, व्यसनासाठी १४४४६, दोन्ही फुकट.