अनेक शाळांची एक संगीतिका आणि क्यूलॅब: कितपत कामाचं?

चार-पाच शाळांची मुलं मिळून संगीतिका बसवतात तेव्हा अनेकदा वाद्यवृंद नसतो, रेकॉर्ड केलेले ट्रॅक असतात. आणि ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. एखादं पात्र संवादात अडखळलं किंवा दुसऱ्या शाळेचा समूह विंगेतून उशिरा आला, की गाणं पुढे आणि मुलं मागे. फिगर फिफ्टीथ्री कंपनीचं क्यूलॅब, म्हणजे प्रयोगातले आवाज हवे तेव्हा सोडणारं सॉफ्टवेअर, इथेच पैसे वसूल करून देतं.

गायक तयार होईपर्यंत तबलजी ठेका घोळवत ठेवतो, तसं यात ट्रॅकचा एखादा तुकडा घोळवता येतो. ऑडिओ क्यूवर (क्यू म्हणजे बटण दाबल्यावर सुटणारी एक नोंद) दोन खुणा करायच्या, मधल्या तुकड्याचा, म्हणजे स्लाइसचा, प्ले काउंट (किती वेळा वाजवायचं तो आकडा) अमर्याद ठेवायचा आणि पुढचा क्यू डीव्हॅम्पचा, म्हणजे घोळवणं संपवणारा, लावायचा. तो सोडला की चालू फेरी संपल्यावरच गाणं पुढे सरकतं, मध्येच तुटत नाही. खरी मेख या फेरीतच आहे. चार मात्रांचा ताल ९६ बीपीएमला (मिनिटाला ९६ मात्रा) असेल, तर एक आवर्तन २.५ सेकंदांचं. चार आवर्तनांचा तुकडा घेतलात आणि त्याची पहिली सम गेल्या गेल्या बटण दाबलंत, तर पात्र जवळजवळ १० सेकंद नुसतं उभं. म्हणून तुकडा दोनच आवर्तनांचा ठेवा आणि बटण संवादाच्या कुठल्या शब्दावर दाबायचं ते संहितेत लिहून ठेवा.

खूण नेमकी समेवर हवी. किंचित सरकली तरी दर फेरीला ठेका अडखळतो आणि नाचणाऱ्यांचे पाय आधी चुकतात. सगळ्या शाळांकडून वेव्ह किंवा एआयएफएफ फाइलच मागवा. एमपीथ्री करताना सुरुवातीला थोडी शांतता घुसते, त्यामुळे वेव्हवर लावलेल्या खुणा त्या फाइलला जुळत नाहीत. फाइल बदलली की खुणा पुन्हा तपासायच्या, हे कंटाळवाणं असलं तरी टळत नाही.

लय थोडी कमी करायची तर रेट, म्हणजे ट्रॅकचा वेग, ०.९७ करा; ९६ चे साधारण ९३ होतात. ‘प्रिझर्व्ह पिच’वर (सूर कायम ठेवण्याच्या पर्यायावर) टिक करायची राहून गेली तर सूरही खाली येतो आणि मूळ पट्टीत तालीम केलेला कोरस बेसूर वाटू लागतो. याहून फार ताणू नका, झांजांचा आवाज चिरकतो.

आता दुखणं. हे फक्त मॅकवर चालतं. २०२२ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत केलेलं काम चौथ्या आवृत्तीत उघडत नाही. पाचवीत अनेक मॅकवरून एकाच वर्कस्पेसवर, म्हणजे सगळे क्यू असलेल्या प्रयोगाच्या फाइलवर, काम करता येतं, पण ती सोय एका नेटवर्कवर बसलेल्यांसाठी. वेगवेगळ्या इमारतींत तालमी करणाऱ्या शाळांना तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी सरळ मार्ग हाच: मुख्य वर्कस्पेस एकाच माणसाकडे, बाकीच्यांनी फाइल आणि कागदावर क्यूची यादी द्यायची. एकाच वर्कस्पेसमध्ये दोन क्यूंना एक क्रमांक चालत नाही, तेव्हा प्रत्येक प्रवेशाला वेगळं अक्षर द्या आणि क्रमांक १०, २०, ३० असे सोडून घाला. दुसऱ्या मॅकवर नेताना ‘बंडल वर्कस्पेस’ वापरा. नुसती वर्कस्पेसची फाइल पेनड्राइव्हवर टाकली, की ट्रॅक मूळ मॅकवरच राहतात आणि नाट्यगृहात सगळे क्यू लाल फुल्या दाखवतात.

यंत्रावर विद्यार्थी बसणार असेल तर दोन ‘गो’मधलं (‘गो’ म्हणजे पुढचा क्यू सोडण्याचा आदेश) किमान अंतर एक सेकंद ठेवा. घाबरलेलं बोट स्पेसबार दोनदा दाबतं, मग दोन गाणी एकावर एक. एस्केप दाबला की सगळं हळूहळू विरून थांबतं, लागोपाठ दोनदा दाबला तर तत्काळ. हा फरक मुलांना आधीच दाखवा.

फुकटची आवृत्ती दोन आउटपुटपर्यंत चालते, म्हणजे साध्या स्टिरिओला पुरते. रंगमंचावरच्या मॉनिटरला वेगळा आवाज पाठवायचा तर परवाना लागतो. तो दिवसाच्या भाड्यानेही मिळतो, आणि तांत्रिक तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत घेतला तरी भागतं.